धाक आहे, पण वळण कोण लावणार?

पुसेगाव (जि. हिंगोली), प्रतिनिधी - दहावीला अडखळलेला मुलगा, दारात थोरल्या भावाची मोटारसायकल आणि समोर मोकळा रस्ता. सेनगाव तालुक्यातील पुसेगाव असो वा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव, हे चित्र नवीन नाही. अशा मुलाला गाडीपासून दूर ठेवणे, एवढाच उपाय आजवर योजला गेला. मात्र, जे वेड त्याला संकटात नेते, तेच त्याला सावरण्यासाठी वापरता येईल काय, याचा विचार फारसा झालेला नाही.

धाक आवश्यक आहे, यात शंका नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांत सुमारे ४५ टक्के दुचाकीवरील होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा कठोर झाला. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. पण तोपर्यंत त्याने करायचे काय? पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्यानंतर अल्पवयीन चालकाला निबंध लिहिण्यास सांगणारा आदेश निघाला आणि संतापाची लाट उसळली. निबंध आणि तुरुंग यांच्यामधली वाट मात्र चर्चेत आलीच नाही.

ती वाट अमेरिकेत १९६९ मध्ये चोखाळली गेली. होंडा कंपनीने 'वायएमसीए' या संस्थेला छोट्या मोटारसायकली दिल्या. शाळेला कंटाळलेली, बालन्यायालयाच्या दारापर्यंत गेलेली मुले त्या निमित्ताने मार्गदर्शकाकडे येऊ लागली. हेल्मेट, गाडीची देखभाल, दिलेला शब्द पाळणे या अटी होत्या. गाडी हे केवळ आमिष होते. खरे औषध होते ते दर आठवड्याला भेटणारे, विश्वासाचे मोठे माणूस.

आपल्याकडेही याला वाव आहे. बाल न्याय कायदा, २०१५ समुपदेशन, समाजसेवा व व्यवसाय प्रशिक्षणाचे आदेश देण्याची मुभा देतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. गावोगावी गॅरेज आहेत, त्यांत कसबी मिस्त्री आहेत. बंदिस्त मैदान, कमी ताकदीच्या चार गाड्या आणि इंजिन उघडून दाखवणारा एक जाणता मिस्त्री, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. रस्त्यावर मात्र वयाची अट शिथिल करता कामा नये.

धोकाही लक्षात घ्यावा लागेल. मार्गदर्शकाविना गाडी दिली, तर केवळ वेगाची चटक लागेल. शिवाय निधी संपताच गाशा गुंडाळणारी योजना मुलाला पुन्हा एकदा वाऱ्यावर सोडेल. गाड्या विकत घेणे त्यामानाने सोपे आहे. आठवड्यामागून आठवडे त्या मुलाची वाट पाहणारा माणूस उभा करणे, हीच यातली खरी कसोटी आहे.