इंडिकेचा कैवार

एखाद्या वस्तूचा लौकिक एकदा बिघडला म्हणजे ती वस्तू पुढे सुधारली तरी तिचा लौकिक सहसा सुधारत नाही, आणि ज्यांनी ती कधी हाताळलीही नाही अशांच्या तोंडूनही तो पिढीजात मालमत्तेसारखा पुढे चालत राहतो. इंडिका या मोटारीच्या वाट्याला हेच आले. सुमारे वीस वर्षे या देशाच्या रस्त्यांवर धावून २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु आज तिचा विषय निघाला की ‘खडखडाट करणारी गाडी’ आणि ‘टॅक्सीवाल्यांची गाडी’ एवढे दोन शेरे मारून जाणती माणसेही तिचा निकाल लावून मोकळी होतात. हा निकाल एकतर्फी पुराव्यावर दिलेला आहे असे माझे मत असल्यामुळे, आणि त्यात एका मोटारीपेक्षा पुष्कळ मोठ्या गोष्टीवर अन्याय होत असल्यामुळे, या मामल्याची फेरतपासणी व्हावी अशी माझी मागणी आहे.

पूर्वपक्ष प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. इंडिकेवर मुख्य आक्षेप पाच आहेत. पहिला असा की तिची घडणच कच्ची होती: यंत्राचा आवाज आणि थरथर बैठकीपर्यंत पोचे, गिअर टाकताना जोर लागे, पुढचे टायर अकाली झिजत, आणि पहिल्या वर्षाच्या गिऱ्हाइकांना कार्यशाळेच्या खेपा घालाव्या लागल्या. दुसरा असा की स्वदेशी म्हणून तिचा जो डंका पिटला गेला तो पोकळ होता; कारण तिचे रूप इटलीतील तुरीन येथील संस्थेने रेखाटले, यंत्राच्या घडणीला फ्रेंच तज्ज्ञांचा हात लागला, आणि ज्या साखळीवर ती जोडली गेली ती यंत्रसामग्री निस्सान कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणलेली होती. तिसरा असा की प्रतिष्ठित कुटुंबांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि ती भाड्याच्या धंद्यात जाऊन पडली. चौथा असा की विलायतेत ‘सिटीरोव्हर’ या नावाने ती विकायला ठेवली तेव्हा तिची फजिती झाली. आणि पाचवा असा की सरकारने स्वस्त ठेवलेल्या डिझेलवर चालून तिने शहरांची हवा बिघडवली.

या आक्षेपांचा विचार करण्यापूर्वी ती कोणत्या काळात जन्मली हे ध्यानात घेणे अवश्य आहे. स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके मोटार घेऊ इच्छिणाऱ्या माणसापुढे मुख्यतः विलायती मॉरिसची ॲम्बॅसडर आणि इटालियन फियाटची पद्मिनी एवढीच निवड होती, आणि त्यांसाठीही नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८३ साली मारुती ८०० आली आणि तिने मध्यमवर्गाला प्रथमच विश्वासाचे वाहन दिले, हे तिचे ऋण कोणीही नाकारणार नाही. परंतु ती मूळची सुझुकीची होती, आणि आईवडील, मुले व आजीआजोबा अशा भरल्या घराला ती अपुरी पडे. तेव्हा आरंभापासून अखेरपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर एक संपूर्ण प्रवासी मोटार घडवण्याचे काम या देशात कोणी मोठ्या प्रमाणावर तडीस नेले नव्हते. टेल्कोने, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीने, ते अंगावर घेतले. तिचे तेव्हाचे अध्यक्ष रतन टाटा यांनी जाहीर केलेला संकल्प असा होता की आकार मारुती झेनचा, आतील ऐसपैसपणा ॲम्बॅसडरचा, किंमत मारुती ८०० च्या आसपासची आणि खर्च डिझेलचा. मालमोटारी बनवणाऱ्या कारखान्याने या संकल्पापायी सुमारे सतराशे कोटी रुपये गुंतवले. जानेवारी १९९८ मध्ये दिल्लीच्या प्रदर्शनात मोटार लोकांपुढे ठेवली, आणि त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला ती बाजारात आणली. लाखाहून अधिक लोकांनी आगाऊ पैसे भरून तिची मागणी नोंदवली.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. तो खरा आहे, आणि तो नाकारणे म्हणजे इंडिकेच्या बाजूची खरी ताकदच घालवणे होय. पहिल्या गाड्यांत दोष होते. त्यांचा बोभाटा झाला, आणि २०००–०१ या वर्षी, मालमोटारींच्या मंदीचीही त्यात भर पडून, टेल्कोच्या ताळेबंदात सुमारे पाचशे कोटींची तूट दिसली. परंतु खटला येथे संपत नाही. ज्या कारखान्याने हे दोष केले त्यानेच गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घेतल्या, सदोष भाग बदलून दिले, आणि २००१ साली ‘व्ही-टू’ ही सुधारलेली आवृत्ती आणून त्याच बाजारात तीच मोटार पुन्हा उभी केली. पहिल्या गाडीचे दोष सांगणारा माणूस दुसऱ्या गाडीच्या खपाबद्दल मौन पाळतो, तेव्हा तो पुराव्याचे अर्धेच कागद दाखल करत असतो.

दुसरा आक्षेप ऐकायला भारदस्त वाटतो, पण तो विचारांच्या गोंधळातून निघाला आहे. परक्याकडून विद्या विकत घेणे आणि परक्याची वस्तू नाव बदलून विकणे, या दोहोंत महदंतर आहे. तुरीनच्या रेखाटनकारांकडे जगातील नामांकित मोटार कंपन्या जात असत, आणि त्यामुळे त्या कंपन्यांचे राष्ट्रीयत्व कोणी हिरावून घेतले नाही. ऑस्ट्रेलियातील यंत्रसामग्रीची गोष्ट तर लपवण्याची नसून अभिमानाने सांगण्याची आहे: पुण्याचे अभियंते आणि कामगार परदेशी गेले, बंद कारखान्याचा एकेक भाग सुटा केला, तो समुद्रमार्गे आणून पिंपरीत पुन्हा उभा केला, आणि नव्या कारखान्याला जेवढा खर्च आला असता त्याच्या अल्पांशात काम भागवले. सुमंत मुळगांवकरांनी साठोत्तर काळात पुण्यात टेल्कोचा कारखाना उभारताना साचे आणि अवजारे घरीच घडवण्याचा जो शिरस्ता घालून दिला होता, त्याचेच हे फळ होते. इंडिकेचे बहुतेक सर्व सुटे भाग याच देशात बनले, आणि त्या निमित्ताने भोसरी-चिंचवडच्या कित्येक लहान कारखानदारांना प्रवासी मोटारीला लागणारी काटेकोर मापे पाळण्याची सवय लागली.

तिसऱ्या आक्षेपापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण इंडिकेची खरी योग्यता येथेच कळते. टॅक्सी झाली म्हणून मोटार हलकी ठरते असे म्हणणाऱ्यांनी एकदा टॅक्सीमालकाच्या जागी बसून पाहावे. घरची मोटार घेणारा मनुष्य रंग पाहतो, शेजाऱ्याचे मत विचारतो, आणि घेतलेली मोटार बहुतेक वेळ दाराशी उभी ठेवतो. भाड्याचा धंदा करणाऱ्याला हे परवडत नाही. बँकेचा हप्ता, डिझेल, चालकाचा पगार, टायर, परवाना आणि विमा वजा जाता महिन्याच्या अखेरीस घरी काय उरते, हा त्याचा एकच प्रश्न असतो; आणि ज्या गाडीने त्याचे उत्तर तोट्यात दिले ती गाडी तो दुसऱ्यांदा घेत नाही. इंडिका त्याने पुन्हा पुन्हा घेतली. तिचे १४०५ घनसेंटीमीटरचे साधे डिझेल यंत्र मालमोटारींवर हात बसलेल्या तालुक्याच्या गॅरेजातील मिस्त्रीलाही उलगडता येई, आणि मागच्या बैठकीवर तीन मोठी माणसे गुडघे न आखडता बसत. खंबाटकीचा घाट चढताना गाडी भरलेली असली तर चालक वातानुकूलन बंद करी, कारण पन्नास-बावन्न अश्वशक्तीच्या त्या यंत्राला दोन्ही भार झेपत नसत. पण घाट ती चढून जाई.

हिवाळ्यातील पहाटेची चार-साडेचारची वेळ घ्या. तालुक्याच्या गावी कोणाच्या तरी छातीत दुखू लागले आहे आणि मिरजेच्या दवाखान्यात नेणे भाग आहे. शेजारचा भाडेवाला अंगावर शाल ओढून येतो, किल्ली अर्धी फिरवतो, समोरच्या तबकडीवरचा वेटोळ्याच्या आकाराचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबतो, कारण यंत्राच्या पोटातील तारा तापल्यावाचून थंड डिझेल पेट घेत नाही, आणि मग किल्ली पूर्ण फिरवताच ती खडखडणारी इंडिका सुरू होते. ज्या घरांना स्वतःची मोटार घेणे कधीच शक्य नव्हते अशा असंख्य घरांनी रुग्ण, बाळंतिणी, नवरदेव आणि गणपतीला कोकणात निघालेले चाकरमानी या मोटारीतून नेले. हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतून मध्यरात्री सुटणाऱ्या मुलींना घरच्या दारापर्यंत पोचवणाऱ्या गाड्यांतही हीच मोठ्या संख्येने होती. ती एका कुटुंबाच्या दाराशी उभी राहिली असती तर एका कुटुंबाची झाली असती. भाड्याच्या धंद्यात गेल्यामुळे ती शेकडो कुटुंबांच्या कामी आली. तिच्या निंदेचा जो मुख्य आधार, तोच माझ्या मते तिच्या गुणांचा सर्वांत विश्वसनीय दाखला आहे.

चौथ्या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येईल. २००३ साली एमजी रोव्हर कंपनीने पुण्यात बनलेली ही मोटार पेट्रोल यंत्रासह ब्रिटनमध्ये विकायला काढली. भारतात जी स्वस्ताई हा तिचा प्राण होता ती तेथे उरली नाही. साडेसहा हजार पौंडांच्या घरातील किमतीला त्या बाजारात तिच्याहून सरस प्रतिस्पर्धी हजर होते. त्यात विकणारी कंपनी स्वतःच डबघाईला आलेली होती आणि एप्रिल २००५ मध्ये ती कोसळली. एका परिस्थितीसाठी घडवलेली वस्तू दुसऱ्या परिस्थितीत चढ्या भावाने विकली, तर चूक विकणाऱ्याच्या हिशेबाची ठरते.

पाचवा आक्षेप मात्र मी सर्वस्वी फेटाळणार नाही. डिझेलचा भाव सरकारने शेती व मालवाहतूक डोळ्यांपुढे ठेवून कमी राखला होता, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो नियंत्रणमुक्त होईपर्यंत खाजगी मोटारींनीही त्याचा लाभ उठवला. भावाचा हा दोष धोरणाचा होता. धुराचा दोष मात्र गाडीचाच होता, आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली प्रदूषणाचे कडक निकष अलीकडे ओढले ते योग्यच केले. त्या हुकुमामुळे यंत्रे सुधारणे भाग पडले, यातही लोकहितच साधले.

खंडन येथे पुरे झाले. आता मंडनाचा एकच मुद्दा सांगतो, कारण तो एकटाच पुरेसा आहे. २००५ साली रस्त्यावर आलेला ‘टाटा एस’ हा लहान टेम्पो सर्वांनी पाहिला आहे. त्याला आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ म्हणतात. त्याचे दोन नळकांड्यांचे ७०२ घनसेंटीमीटरचे यंत्र इंडिकेच्या चार नळकांड्यांच्या यंत्रावरूनच, त्याचे अर्धे करून, घडवलेले आहे. बाजारसमितीतून भाजी नेणारा, पाण्याचे जार पोचवणारा, लग्नाच्या मांडवाचे सामान वाहणारा जो तरुण कर्ज काढून या वाहनाचा मालक झाला, त्याच्या उपजीविकेत इंडिकेवर केलेल्या परिश्रमांचा अंश आहे. सदोष पहिली मोटार बनवताना अभियंत्यांनी जे ज्ञान कमावले ते त्या मोटारीबरोबर भंगारात गेले नाही. तेच ज्ञान पुढच्या वाहनांना पायाभूत झाले.

आपल्या समाजाची एक खोड आहे: परक्याची सिद्ध वस्तू तो डोक्यावर घेतो, आणि घरच्याच्या पहिल्या प्रयत्नातील व्यंग तो जन्मभर विसरत नाही. ही खोड टिकली तर कोणताही कारखानदार पहिला प्रयत्न करण्यास धजणार नाही, आणि पहिल्यावाचून दुसरा सुधारलेला प्रयत्न संभवत नाही. म्हणून इंडिकेचे दोष तपशीलवार नोंदवावेत, तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांचा मनस्ताप मान्य करावा, आणि त्याच कागदावर तिने कोणाकोणाला वाहून नेले, कोणाचे घर चालवले आणि कोणाला काय शिकवले हेही तितक्याच स्वच्छ अक्षरांत लिहावे. असा पुरा जमाखर्च मांडला तर शिल्लक तिच्या बाजूला निघते, असा माझा निःसंदिग्ध निर्वाळा आहे.