हातभट्टीचा यूट्यूब

"मामा, ह्याला होमब्रू म्हणतात," भाचा म्हणाला.

"होमब्रू म्हणजे घरी गाळलेली," मी माझे इंग्रजी पाजळले. "सरळ हातभट्टीची म्हण की!"

हा शब्द स्वयंपाकघरात पोहोचला मात्र, चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच ही बाहेर आली. "अहो, काय बोलताय? दिवाळीच्या दिवसांत, आणि तेही पोरासमोर!"

वाचकहो, गैरसमज नको. ही २०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. तेव्हा नगरचे अहिल्यानगर व्हायचे होते. शिकण्यासाठी आमच्याकडे राहिलेल्या भाच्याने माळ्यावरून एक जुने खेळयंत्र शोधून काढले होते. निन्टेन्डो कंपनीचे 'थ्रीडीएस'. पानाच्या डब्यासारखे मिटणारे, आत वर-खाली दोन पडदे. २०११ साली ते जपानात प्रथम विक्रीस आले आणि पुढच्याच वर्षी आमच्या मेहुणीने ते अमेरिकेहून चिरंजिवांसाठी आणले. चिरंजीव मोठे होऊन पुण्याला नोकरीला लागले आणि यंत्र माळ्यावर गेले.

एके काळी त्यावर यूट्यूबही दिसे. पण ३ सप्टेंबर २०१९ रोजी ती सोय अधिकृतपणे बंद झाली. २०२० साली यंत्राचे उत्पादन थांबले आणि मार्च २०२३ मध्ये त्याच्या ऑनलाइन दुकानातली खरेदीही संपली. म्हणजे यंत्र धडधाकट, पण पेन्शनीत निघालेले!

आणि कुण्या हौशी माणसाने, टोपणनावाने, त्याच्यासाठी स्वतःच एक यूट्यूब रचला होता. नाव 'थर्डट्यूब'. कंपनीची परवानगी नाही, शिक्का नाही, किंमतही नाही. यूट्यूबकडून चित्रफीत मागवायची आणि ह्या इवल्या यंत्राला पेलेल अशी दाखवायची, एवढेच त्याचे काम. यूट्यूबने आपली आतली रचना बदलली की ते अडते. मग कोणीतरी पुन्हा दुरुस्त करायचे. आमच्या जुन्या सायकलीसारखेच!

"पण हा खटाटोप कशाला? घरात मोबाइल नाहीत का?" मी विचारले.

"आजीसाठी," भाचा म्हणाला.

मी गप्प झालो. माझ्या आईचे वय तेव्हा सत्त्याऐंशी. उभा जन्म पापड लाटण्यात गेलेला. वडील अकाली गेल्यावर त्या पापडांवरच आम्ही भावंडे शिकलो. तिच्या बोटांची कातडी आता इतकी कोरडी आणि घट्ट झाली आहे की मोबाइल तिला ओळखच देत नाही. मोबाइलच्या काचेला बोटातून वाहणारी सूक्ष्म वीज लागते. कोरड्या बोटाला ती दाद देत नाही. जुन्या यंत्राचा खालचा पडदा मात्र नुसत्या दाबावर चालतो. काडीने दाबा, नखाने दाबा, तो ऐकतो. हे आम्हां मोठ्यांच्या ध्यानात आले नव्हते, पोराच्या आले.

तरी माझ्यातला कारकून जागा झालाच. हे कायद्यात बसते का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५-अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे हेतू महत्त्वाचा. चोरीचे खेळ घालायचे नाहीत, असे भाच्याकडून कबूल करून घेतले. यूट्यूबच्या अटींत मात्र हे बसत नाही, हे त्यानेच कबूल केले.

दोन संध्याकाळी खपून त्याने यंत्र सुरू केले. आईने काडी धरली आणि स्वतःच्या हाताने लावली 'आपली आजी'! आमच्याच जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे ह्यांची ही वाहिनी. २०२० साली नातवाच्या मदतीने त्यांनी ती सुरू केली आणि लाखो लोकांना रांधायला शिकवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वाहिनी कोणी पळवलीही होती. काही दिवसांनी परत मिळाली.

आई रंगून पाहत होती. मध्येच म्हणाली, "आज साबणाची जाहिरात कशी आली नाही?"

"ह्यात जाहिराती नाहीतच, आजी!" भाचा अभिमानाने म्हणाला.

"मग त्या बाईला काय मिळतं?"

भाचा माझ्याकडे पाहू लागला. दाखवलेल्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा वाहिनीवाल्याला मिळतो. जाहिरातच नाही, तर वाटा कशाचा?

"मी पापड शेकड्यावर लाटले," आई शांतपणे म्हणाली. "मोजताना कुणी दहा कमी धरले, तर रात्री झोप यायची नाही. तिचंही लाटणंच आहे रे."

कायद्याची कलमे मी पाहिली होती. हे कलम माझ्या ध्यानीमनी नव्हते.

यंत्र परत माळ्यावर टाकावे, तर आईच्या हातातली काडी काढून घेणे आले. अखेर भाच्यानेच तोड काढली. आईने दिवसभर यंत्रावर काय काय पाहिले ते तो टिपून ठेवी आणि रात्री तेच दिवाणखान्यातल्या टीव्हीवर रीतसर, जाहिरातींसकट लावी. जाहिरात आली की उठायचे नाही, पुढेही ढकलायची नाही, असा आईचा दंडक. साबण, विमा, मसाले, सगळे आम्ही शिस्तीत बसून पाहिले. हिशेब पैपैशाने जुळला असेल असे नाही. पण आई झोपायला निवांत जाऊ लागली.

भाऊबिजेच्या दिवशी आईने आणखी एक प्रश्न काढला. "आणि ज्यानं हे यंत्र चालतं केलं, त्याला काय मिळतं?"

"काही नाही, आजी. हौस."

"मग त्याच्या नावानं एक चकली जास्त तळा गं सूनबाई."

हिने तळली. ती कोणी खाल्ली हे सांगायला नकोच. भाचा तेव्हा सोऱ्याजवळच बसला होता!