नेताजीला रंग कोणता?

दिवाळीतला किल्ला भाऊबीज उलटली की ढासळायला लागतो. फलटणला जरा लवकरच. नीरेच्या कालव्याखालची ही काळी माती चिखल कालवताना हाताला गोड लागते, पण वाळली की तिला भेगा पडतात, आणि पोत्यावर लिंपलेला बुरूज तुळशीच्या लग्नाआधीच दुभंगतो. जाणती पोरं म्हणूनच मुरूम शोधत हिंडतात. अळिवाची हिरवळ पिवळी पडते, खंदकातलं पाणी जिरतं, आणि एक दिवस घरातलं कुणीतरी फावडं घेऊन अंगण मोकळं करतं. मावळे तेवढे वाचतात. वर्तमानपत्रात गुंडाळून ते बुटाच्या खोक्यात जातात आणि खोकं माळ्यावर. पुढच्या वर्षी दोन-चार नवे येतात, जुन्यांचे भाले मोडतात. मग दहावी येते, बारावी येते, पुणं येतं, नोकरी येते. खोकं जागचं हलत नाही.

घराला रंग काढायचा निघाला की ते उतरतं. तोवर मालकाची चाळिशी उलटलेली असते. आत काय सापडतं? सिंहासनावरचे महाराज, तेही गडापेक्षा उंच. तीन तोफा. नाक उडालेला भालदार. एक गवळण, एक वाघ, एक वाहतूक पोलीस, कारण किल्ल्याखालच्या गावात पोलीस हवाच असा आग्रह कधीतरी झाला होता. आणि तळाशी घरी रंगवायला म्हणून पांढरेच आणलेले मावळे. त्यांतल्या काहींना पागोटं मिळालंय, अंगरखा मिळालेला नाही. काहींचे डोळे काढलेत, पण दोन्ही एकाच बाजूला. हात शिवशिवतात. रविवारी दुपारी ब्रश शोधला जातो.

इंग्लंडात या व्यसनावर अख्खी कंपनी उभी आहे. इयन लिव्हिंगस्टन, स्टीव्ह जॅक्सन आणि जॉन पीक या तीन मित्रांनी १९७५ मध्ये लंडनला ‘गेम्स वर्कशॉप’ सुरू केली; १९८३ साली तिथून ‘वॉरहॅमर’ हा खेळ निघाला. टेबलावर इंच-सव्वा इंचाचे शिपाई, बुटके, राक्षस आणि सांगाडे मांडायचे, फुटपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचे, फासे टाकून कोण मेलं ते ठरवायचं. बाहुल्या रंगवून मिळत नाहीत. त्या ज्याने त्याने आपल्या रंगवायच्या. त्यामुळे तिकडच्या हजारो घरांतही अर्धवट रंगवलेल्या फौजा खोक्यांत पडून आहेत, आणि पन्नाशीतली माणसं त्या आता बाहेर काढताहेत. जुन्या बाहुल्या शिशाच्या. ओकच्या कपाटात ठेवलेल्या असल्या, तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिसं खाल्लं जातं आणि शिपायाच्या अंगावर पांढरी भुकटी धरते. पोरपणी थापलेला जाड रंग काढायला हे लोक बाहुल्या चक्क डेटॉलमध्ये बुडवून ठेवतात. धातूच्या बाहुलीला ते चालतं.

आपल्या मावळ्यावर हा प्रयोग करू नये. तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा किंवा शाडूचा. शाडूचा मावळा पाण्यात ठेवला तर विरघळून जाईल, आणि प्लास्टरचा पाणी पिऊन मऊ पडेल. त्याच्या अंगावरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा, उडालेल्या नाकाला थोडी पुट्टी लावावी. जुना रंग पोस्टर कलर असेल तर त्यावर थेट नवा हात मारू नये. खालचा रंग ओला होऊन वर येतो आणि सगळा गिलावा राखाडी होतो. पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक थर देऊन, तो पुरता वाळवून मग ॲक्रिलिक चढवावा. इंग्रज मंडळी पुढे आणखी दोन गोष्टी करतात. गडद रंगाचं पाणी करून ते चुण्यांत सोडतात, आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवरून फिका रंग नुसता घासतात. एवढ्यानेही बाजारी मावळ्याच्या अंगरख्याला घड्या दिसू लागतात. दांडेकरांनी सुरू केलेल्या कॅम्लिनचे रंग, शून्य नंबरचा ब्रश आणि उजेडाची खिडकी, इतक्यावर काम भागतं. चष्मा मात्र लागतो.

रंगवायचं कसं, हे असं चार ओळींत सांगता येतं. रंगवलेल्या फौजेनं करायचं काय, याला जास्त ओळी लागतात.

कारण दिवाळीचा किल्ला हा मांडायचा प्रकार आहे, खेळायचा नाही. दरवाजात भालदार उभे, बुरुजावर तोफा, माथ्यावर महाराज. कुणी चाल करून येत नाही. टेबलावरच्या युद्धाची गोष्ट नेमकी उलटी आहे. प्रशियात राइस्विट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये वडिलांचा खेळ सुधारून सैन्यासाठी ‘क्रीगस्पील’ बसवला, तेव्हा त्यात नकाशा होता, फासे होते, पंच होता आणि एकमेकांच्या चाली न दिसणाऱ्या दोन बाजू होत्या. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं नियमांचं पुस्तकच काढलं. तो दिवाणखान्याच्या जमिनीवर पुठ्ठ्याची गावं मांडून, स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरच्याचे शिपाई पाडायचा. दोघांनाही पहिली गरज होती ती समोरच्याची. आपल्या खोक्यात समोरचा नसतो. फार तर बाजारात मिळणारा प्रतापगडाचा सेट असतो, त्यात खान एकटा, आणि त्याची गोष्ट आधीच संपलेली.

समोरचा दिसतो कसा, याची कल्पना आपण चित्रांतून घेतली. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून १९४७ मध्ये सुरू केलेलं ‘चांदामामा’ मराठीत ‘चांदोबा’ होऊन आलं, आणि त्यातले के. सी. शिवशंकरन, म्हणजे चित्राखाली सही करणारे ‘शंकर’, यांनी खांद्यावर प्रेत घेऊन चाललेला विक्रम कायमचा ठरवून टाकला. पुण्याच्या प्रताप मुळीकांनी ‘अमर चित्र कथे’साठी शिवाजी काढला आणि पुढे ‘राज कॉमिक्स’चा नागराजही त्यांच्याच हातून उतरला. एकाच माणसाच्या रेषेत इतिहास आणि अद्भुत दोन्ही. मग पोरांच्या वहीत ते एकमेकांत मिसळले यात नवल काय? माळ्यावरच्या त्याच खोक्यात गणिताची चौकटीची वही सापडते, आणि तिच्या मागच्या पानांवर अर्धवट उतरवलेला वेताळ, दात दाखवणारा राक्षस, आणि त्याच राक्षसाच्या अंगाचा, त्याच मिशांचा आदिलशाही सरदार. शत्रू मोठा, काळा, दाढीचा, हिरव्या झग्यातला. वॉरहॅमरच्या जुन्या पुस्तकांत जॉन ब्लँशने काढलेली माणसंही अशीच सलगपणे भयानक आहेत. तिथे ते शोभतं, कारण ते जगच खोटं आहे.

फलटणपासून फार दूर नसलेल्या औंधला यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींचं संग्रहालय आहे. राजा स्वतः चित्रकार, त्यांनी ‘चित्ररामायण’ काढलं. तिथे हेन्री मूरचं एक शिल्पही आहे, हे सांगितलं तर पुण्याचे लोक अजून डोळे विस्फारतात. आपल्या वहीतला राक्षस पुरा करायचा विचार असेल तर आधी औंधला एक फेरी मारावी. हात सुधारेल की नाही कोण जाणे, कपडे, दागिने आणि हत्यारं तरी नीट बघून होतील.

पण फौज पुरी करायची तर राक्षस कामाचा नाही. समोरची बाजू फलटणच्या माणसाला वेशीबाहेर शोधावी लागत नाही. ती त्याच्या गावातच होती.

१६६५च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि मिर्झाराजे जयसिंहाच्या विजापूरवरच्या मोहिमेत फौजेनिशी सामील व्हायचं कबूल केलं. नोव्हेंबरात मोहीम पुरंदराहून हलली. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी जयसिंहाच्या पत्रव्यवहारावरून दिलेला आकडा असा: मराठ्यांचे दोन हजार स्वार आणि सात हजार पायदळ, बरोबर महाराजांचा सेनापती नेताजी पालकर. डिसेंबरात या फौजेने आदिलशाहीची एकेक ठाणी घेतली. फलटण, ताथवडा, खटाव, पुढे मंगळवेढा. ताथवडा म्हणजे संतोषगड, फलटण तालुक्याच्या दक्षिण अंगाला, महादेवाच्या डोंगररांगेत. तालुक्यातल्या पोरांनी दिवाळीत रायगड करावा की प्रतापगड यावर वाद घातले, संतोषगड फारसा कुणी केला नाही.

आणि फलटणचे धनी कोण होते? बजाजी नाईक निंबाळकर, आदिलशाहीचे सरदार. महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई या त्यांची सख्खी बहीण. त्यांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. महाराजांची आजी, मालोजीराजांची पत्नी, हीसुद्धा याच घराण्यातली. बजाजींचे चिरंजीव महादजी महाराजांचे जावई. म्हणजे त्या डिसेंबरात मराठी फौज मोगलांच्या निशाणाबरोबर चालून आली ती महाराजांच्या आजीच्या माहेरावर आणि त्यांच्याच सासुरवाडीवर. चांदोबाच्या चित्रकाराला अशी कथा दिली असती तर त्याने विचारलं असतं, यात दुष्ट कोणता?

रंगाचा खरा घोळ इथे सुरू होतो. वॉरहॅमरमध्ये प्रत्येक फौजेचा गणवेश ठरलेला, लाल म्हणजे अमुक, निळा म्हणजे तमुक. सतराव्या शतकातल्या दख्खनी फौजांना तसा गणवेश नव्हता. फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, मलवडीचे घाटगे, जतचे डफळे, ही आजच्या सातारा-सांगलीतली घराणी आदिलशाहीत वावरली. त्यांचा शिपाई आणि स्वराज्याचा शिपाई शेजारी उभे केले तर पागोट्यावरून, घोड्यावरून की भाल्यावरून ओळखणार? बाजारातल्या मावळ्याला भगवा पटका आणि दुसऱ्या बाजूला सरसकट हिरवा, ही वाटणी साच्याची आणि रंगाच्या डब्यांची सोय आहे. खोक्यातले बिनरंगी मावळे म्हणून फार कामाचे. त्यांतले निम्मे, त्याच पांढऱ्या, तपकिरी, मातकट रंगांत रंगवून, पलीकडे मांडता येतात. फरक दाखवायचा तो पायाखालच्या चकतीवर: एका बाजूला काळी माती, दुसऱ्या बाजूला मुरूम.

हिशेबही सोपा जमतो. टेबलावरच्या युद्धात एक बाहुली म्हणजे इतकी माणसं, असं प्रमाण धरायची रीत आहे. एक मावळा म्हणजे तीनशे माणसं धरली की नऊ हजारांच्या फौजेला तीस मावळे पुरतात: सात घोडेस्वार, तेवीस पायी. घोडे हीच अडचण. स्वस्त सेटमध्ये घोडा एक, त्यावर महाराज. जयसिंहाची मूळ फौज मांडायला बसलं तर मात्र अंगण पुरणार नाही. तिला एका खुर्चीवर बसवावं, आणि ती खुर्ची घरातल्या ज्येष्ठाला द्यावी. हुकूम सोडायचे, स्वतःचा शिपाई पुढे सरकवायचा नाही. मिर्झाराजांनी त्या मोहिमेत तेवढंच केलं असं कुणी म्हणणार नाही, पण खेळ रंगतो.

सगळ्यात अवघड बाहुली नेताजीची. जानेवारी १६६६ उजाडता उजाडता जयसिंह विजापूरच्या जवळ पोचून माघारी फिरला. महाराजांना त्याने पन्हाळ्यावर पाठवलं, तो हल्ला फसला. त्याच सुमारास नेताजी पालकर उठून विजापूरकरांना मिळाला. तिथून तो मोगलांकडे गेला, धर्मांतरानंतर मुहम्मद कुलीखान झाला, आणि १६७६ मध्ये महाराजांकडे परत येऊन पुन्हा नेताजी झाला. गणवेशाचे रंग ठरवून बसणाऱ्याने या एका बाहुलीला किती थर द्यायचे? सोपी तोड अशी की नेताजी चकतीवर चिकटवूच नये. ब्लू टॅकचा एक ठिपका लावावा आणि चाल बदलली की त्याला काळ्या मातीच्या चकतीवरून मुरमाच्या चकतीवर उचलून ठेवावं. त्यासाठी फासा टाकायचा की नाही, यावर मात्र घरात भांडण होतं. एक पक्ष म्हणतो, इतिहासात तो गेला म्हणजे जाणारच. दुसरा म्हणतो, फासाच नसेल तर मग परत दिवाळीचा किल्लाच मांडा की.

जिंकण्याचे गुण कसे द्यायचे, हेही बसून ठरवावं लागतं. जयसिंहाला विजापूर मिळालं नाही. महाराजांना पन्हाळा मिळाला नाही, आणि पुढे आग्र्याला जावं लागलं. आदिलशाही टिकली, ती १६८६ पर्यंत. ठाणी घेतली म्हणून मराठी बाजूला गुण द्यावेत, तर ती घेतली मोगलांसाठी. फलटण गेलं म्हणून निंबाळकरांचे गुण कापावेत, तर फलटणच्या पोराला ते पटत नाही. एक हिशेब असा लावता येतो: आपले किती मावळे शेवटी टेबलावर उभे राहिले, तेवढे मोजायचे, आणि नेताजी ज्याच्या चकतीवर असेल त्याला वरचे पाच. संतोषगड ज्याच्या ताब्यात, त्याला दहा. पण त्यासाठी आधी संतोषगड करावा लागेल, आणि या वेळी तो मुरमाचाच करायला हवा.