हॉलमधली म्हैस

तुमच्या हॉलमध्ये सात घोडे आहेत का? पांढरेशुभ्र, पाणी उडवत धावत येणारे, मागे मावळता (की उगवता, देव जाणे) सूर्य? असतील तर आजचं हे पुराण तुमच्यासाठीच आहे. नसतील तर शेजारच्या फ्लॅटमध्ये डोकावून या, तिथे नक्की सापडतील.

माझ्याकडेही होते. फ्लॅटचा ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, आणि कुणीतरी सांगितलं की पूर्वेच्या भिंतीवर सात घोडे लावले की प्रमोशन होतं. मॉलमधून फ्रेम उचलली. प्रमोशन झालं नाही, ते सोडा. खरी गोष्ट पुढे आहे.

त्याच वास्तुशांतीला माझ्या काकांनी एक चित्र दिलं होतं. काका शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते, आता निवृत्त. कॅनव्हासवर ऑइलमध्ये काढलेलं, दोन बाय तीन फुटांचं चित्र. विषय? म्हैस. घाटाच्या पायरीशी अर्धी पाण्यात बसलेली, डोळे मिटलेली, पाठीवर ओलं ऊन. बास. मी "वा काका, मस्तच!" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ते कपाटामागे सरकवलं. म्हैस? हॉलमध्ये? टीममधली मंडळी जेवायला आली तर काय म्हणतील!

सहा महिन्यांनी काका आले. म्हैस कुठे दिसेना. त्यांनी एका शब्दानेही विचारलं नाही. घोड्यांकडे बघितलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "छान आहेत रे घोडे. कुठले?"

कुठले! आता काय सांगणार? ते घोडे कुठलेच नाहीत. कुणी ते बघितलेले नाहीत, त्यांना कुणी दाणा घातलेला नाही. तो एकच प्रश्न डोक्यात असा अडकलाय की आज लिहून टाकल्याशिवाय सुटका नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण स्वतःला फार शिकलेले समजतो, पण चित्राच्या बाबतीत आपल्याला रोजचं दिसणारं जग चालत नाही. आपल्याला हवी असते "पॉझिटिव्ह एनर्जी". आणि जो चित्रकार दारातली गुरं, ओसरीवरच्या बाया, गल्लीतला माणूस काढतो, त्याला आपण "तेच ते काय काढता?" असं ऐकवतो.

हे आजचं नाही. अमृता शेरगिलची गोष्ट बघा. वडील पंजाबी सरदार, आई हंगेरियन, जन्म १९१३ सालचा बुडापेस्टमधला. पॅरिसमध्ये शिकली, तिथल्या सलोंमध्ये नाव कमावलं. आरामात तिथेच राहता आलं असतं (आपण तर एच-वन-बीसाठी देव पाण्यात घालून बसतो). पण १९३४ च्या शेवटी ही बाई भारतात परत आली आणि काय काढायला लागली? हळद कांडणाऱ्या बायका. खाटेवर आडवी झालेली बाई. बाजाराला निघालेले खेडूत. पाण्यात डुंबणारे हत्ती. उंट.

आणि खरेदी करणाऱ्यांचं काय? हैदराबादला नवाब सालारजंग यांनी तिची चित्रं बघून परत केली. म्हैसूरच्या महाराजांनी तिच्याऐवजी रविवर्म्याची चित्रं पसंत केली. म्हणजे त्या काळच्या मोठ्या हॉलवाल्यांचंही आपल्यासारखंच होतं!

१९३७ साली तिने काढलेलं 'द स्टोरी टेलर' हे चित्र जालावर शोधून नीट बघा. अंगणात निवांत बसलेल्या बायका आणि त्यांच्या आसपास गुरं. काही "घडत" नाही. हे चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेलं. तोवर कुठल्याही भारतीय चित्रकाराच्या चित्राला लिलावात एवढी किंमत मिळाली नव्हती. मार्च २०२५ मध्ये तो आकडाही मागे पडला. तोडणारं चित्र कुठलं? आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनचं १९५४ सालचं 'ग्रामयात्रा'. पुन्हा खेड्यातलं रोजचं जगणं! ते तर कित्येक दशकं ऑस्लोच्या एका रुग्णालयात होतं.

हे आकडे मी लंचला सांगितले तेव्हा "हॉलमध्ये म्हैस, ईऽऽ" म्हणणारा आमचा एक मित्र एकदम गंभीर झाला. "काकांची अजून चित्रं आहेत का रे?" माझं डोकं फिरलं ते इथे. म्हणजे म्हैस वाईट नव्हती, फक्त स्वस्त होती!

आता दुसरी जमात. यांना "आपली संस्कृती" हवी असते. म्हणजे नथ, फेटा, तुळशीवृंदावन, आणि सोनेरी संध्याकाळी घराकडे निघालेली बैलगाडी. तिला धूळ नाही, बैलांच्या मानेला जू घासल्याचा घट्टा नाही. हल्ली तर एआयला एक ओळ लिहून दिली की अर्ध्या मिनिटात अशी बैलगाडी मिळते. मिळणारच, कारण ते चित्र कुणी बघून काढलेलंच नसतं. हे त्या सात घोड्यांचेच चुलतभाऊ.

वारसा कसा घ्यायचा तेही अमृताकडूनच शिकावं. १९३६ च्या शेवटी ती आपल्या अजिंठ्याला आली आणि भारावून गेली. पण म्हणून तिने पद्मपाणीची नक्कल केली नाही. उलट अजिंठ्याच्या नावाने हळवी चित्रं काढणाऱ्या बंगाली पंथावर ती सडकून टीका करायची. तिने तिथून घेतले ते मातकट तांबडे-तपकिरी रंग, मोठे साधे आकार, एका चौकटीत माणसं बसवायची पद्धत. आणि त्या पद्धतीने काढलं काय, तर समोर दिसणारे दक्षिणेतले ब्रह्मचारी आणि नटणारी नवरी. दीड हजार वर्षांपूर्वीची नजर तिने आजच्या माणसांवर वळवली. नुसता दागिना उचलला असता तर कॅलेंडर झालं असतं.

कुणी म्हणेल, "अरे, आम्ही शहरात वाढलो, आमचा म्हशीशी काय संबंध?" अमृताचा काय संबंध होता? ५ डिसेंबर १९४१ ला लाहोरमध्ये ती गेली, तेव्हा तिचं एक चित्र अपुरं राहिलं. त्यात काय आहे? घरातून दिसणारं दृश्य, आजूबाजूची घरं, आणि खाली काळ्या म्हशी. वय किती होतं? अठ्ठावीस. म्हणजे आपलंच. फरक इतकाच की ती खिडकीबाहेर बघत होती. हिंजवडीच्या रस्त्यावर आपल्या बसपुढून म्हशी जातात तेव्हा आपण हॉर्नला शिव्या देत मोबाईलमध्ये बघतो.

गेल्या विकांताला मी काकांची म्हैस कपाटामागून बाहेर काढली. धूळ पुसली आणि पहिल्यांदा नीट बघितली. ती काळी नाहीच! पाठीवर आभाळाचा निळा, पोटाखाली तांबूस, कानाजवळ चक्क जांभळा. न राहवून काकांना फोन लावला. ते म्हणाले, "म्हशीला काळा रंग लावायचा नसतो रे. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू मिसळायचा, मग काळा जिवंत होतो. ऑइल लवकर वाळत नाही, म्हणून ओल्यात ओला रंग चढवता येतो. तीन रविवार बसलो होतो घाटावर."

"कुठल्या?"

"वाईच्या. गणपतीच्या देवळापासून थोडं खाली."

बघा, उत्तर आहे! तीन रविवार एक माणूस एका म्हशीकडे बघत बसला होता, आणि मी ते कपाटामागे टाकलं होतं. लाज वाटली. फोनवर तसं सांगितलंही. ते फक्त हसले आणि म्हणाले, "खिळा मोठा ठोक, फ्रेम जड आहे."

असो. म्हैस आता पूर्वेच्या भिंतीवर आहे. आईला अजून पटलेलं नाही, वास्तूचं काय होईल ते होवो. सात घोडे कुणाला हवे असतील तर येऊन घेऊन जा, फुकट. फक्त कुठले म्हणून विचारू नका.