लखनौची वेलांटी

'खाना' की 'रवाना'? उत्तरेकडच्या जुन्या छपाईत हा घोटाळा नेहमीचा. 'ख'चे दोन तुकडे जरा सुटे छापले गेले की त्यांचे 'र' आणि 'व' होत, आणि जेवायला बसलेला माणूस पानावरून उठून चालू लागे!

असल्याच प्रश्नांचा निकाल लावायला नोव्हेंबर १९५३ मध्ये लखनौला लिपी सुधारणा परिषद भरली. यजमान उत्तर प्रदेश सरकार, अध्यक्ष तेव्हाचे उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन. अनेक राज्यांचे मुख्यमंत्री आणि भाषापंडित जमले होते. देवनागरी एकच, पण तिची वळणं प्रांतोप्रांती वेगळी. छापखान्यात शेकडो खिळे लागत आणि टाइपरायटरला कळा मोजक्याच. काहीतरी ठरवणं भाग होतं.

'ख'चा खालचा भाग जोडून घेतला गेला, 'ध' आणि 'भ' यांना गाठ मिळाली. 'घ' आणि 'म' यांच्याशी होणारी गल्लत त्यामुळे टळली. हे बदल सगळ्यांना पटले, कारण त्यांचा फायदा वाचणाऱ्याला होता.

घोडं अडलं ते पहिल्या वेलांटीवर. तिचा उच्चार अक्षरानंतर होतो, मग ती लिहायची आधी का? तर्क बिनतोड! परिषदेनं ठरवलं, की पहिली वेलांटीही उजवीकडेच द्यायची, फक्त तिचा दांडा आखूड ठेवायचा. पाठ्यपुस्तकांतही ही वेलांटी उतरली.

पण पोरांनी ओळखायचं कसं? 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'पिक' म्हणजे कोकीळ, 'पीक' शेतातलं. हा सगळा फरक आता दांड्याच्या लांबीवर आला. छापलेल्या पानावर तो कसाबसा दिसेल, पण घाईनं लिहिलेल्या वहीत? लोकांनी ही वेलांटी स्वीकारली नाही. १९५७ मध्ये ती पुन्हा डावीकडे आली.

आज असाच वाद कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत रंगतो. एक प्रोग्रॅम दहा-वीस जण मिळून लिहितात आणि प्रत्येकाचं वळण निराळं. आतली ओळ किती सरकवून लिहायची? पायथन भाषेच्या २००१ सालच्या नियमावलीत चार मोकळ्या जागा सांगितल्या आहेत, तर लिनक्सच्या गाभ्याच्या नियमावलीत आठ अक्षरांचा टॅब. कॉम्प्युटरला बहुतेक भाषांत दोन्ही सारखेच. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण दुसऱ्यानं लिहिलेल्या ओळींतली चूक रात्री दोन वाजता शोधणाऱ्याला वाटत नाही. नियम हवा तो त्याच्यासाठी. गो या भाषेच्या कर्त्यांनी तर वादच मिटवला: कुणी कसंही लिहा, सोबतचं साधन सगळं एका वळणात बसवून देतं. ते वळण सगळ्यांनाच आवडतं असं नाही. पण त्यावर बैठक घ्यावी लागत नाही, हे काय थोडं आहे?

लिपीत मात्र इतकी सोय नाही. सवयीची वळणं सुटता सुटत नाहीत. प्रमाण देवनागरीत 'अ', 'झ', 'ण' यांची मुंबईकडची वळणं उत्तरेनं घेतली, पण हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' मराठीच्या पचनी पडले नाहीत. २००९ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मराठी वळणाच्या 'ल' आणि 'श'ला पुन्हा नियमात जागा दिली.

आणि ती वेलांटी? जुन्या टाइपरायटरवर 'दिन' उमटवताना आधी वेलांटीची कळ दाबावी लागे, मग 'द'ची. आज मोबाइलवर बोट आधी 'द'वर जातं, वेलांटी नंतर येते. युनिकोडमध्ये साठवणही त्याच क्रमानं होते: द, पहिली वेलांटी, न. लखनौच्या मंडळींना हवा होता तसाच क्रम! पडद्यावर दाखवताना मात्र यंत्र ती वेलांटी गुपचूप उचलतं आणि 'द'च्या डावीकडे नेऊन ठेवतं.