मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे निदान घरच्या घरीच होऊन जाते : मूळव्याध. मग तिखट बंद, ताक सुरू आणि ‘बिनऑपरेशन इलाज’ अशी पाटी लावलेला दवाखाना. पुष्कळदा हा अंदाज बरोबरही ठरतो. खरा धोका तेथेच आहे. मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग याच समजुतीच्या आड महिनोन् महिने वाढत राहतो.

त्याची लक्षणे गूढ नाहीत. शौचात रक्त, तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला जुलाब वा बद्धकोष्ठ, पोट साफ झालेच नाही ही सततची भावना, पोटदुखी, कारणावाचून घटणारे वजन. आणि रक्तक्षय. आतड्यातून डोळ्यांना न दिसता रक्त झिरपते, माणूस थकत जातो. प्रौढ पुरुषाचे वा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन उतरले, तर लोहाच्या गोळ्या देऊन भागत नाही. रक्त कोठे जाते हे शोधलेच पाहिजे. हा केवळ म्हातारपणाचा रोग, हेही खरे नव्हे. आपल्या देशात पन्नाशीच्या आतील रुग्ण कमी नाहीत.

हा रोग सवड देतो. आतड्याच्या अस्तरावरील लहानशा गाठीचा कर्करोग होण्यास बहुधा दहाएक वर्षे लागतात. आरंभीच उपचार झाले, तर दहांपैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. रोग शरीरात अन्यत्र पसरल्यावर ती आशा फार थोड्यांना उरते.

इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या नागरिकांना दर दोन वर्षांनी मलातील अदृश्य रक्त शोधणारी चाचणी सरकारी खर्चाने घरपोच मिळते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढील लोकांची तपासणी तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी होते. आतड्याचा त्यात समावेश नाही. येथे या रोगाचे प्रमाण तुलनेने कमी आहे, हे मान्य. पण मग लक्षणे वेळीच ओळखणे हाच मार्ग उरतो, आणि तो लाजेने व रोज बुडण्याच्या भीतीने अडलेला आहे. बोटाने गुदाशय तपासण्यास डॉक्टरला यंत्र लागत नाही. ती तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात झालीच पाहिजे, आणि दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुढे पाठवणे हा उपकार नसून रुग्णाचा हक्क मानला गेला पाहिजे.

रेशन आणि पाणी यांविषयी कार्यकर्ते वस्तीत मोकळेपणाने बोलतात, याविषयीही बोलावे. कोणी दबक्या आवाजात ‘मूळव्याध आहे’ म्हणाला, तर त्याला एवढेच विचारावे : हे डॉक्टरांनी तपासून सांगितले, की तुम्हीच ठरवले?