यंत्राचे वय तासांनी मोजावे

माणसाचे वय वर्षांनी मोजतात, झाडाचे वय खोडातील वलयांनी. मग शेतातील ट्रॅक्टरचे वय कशाने मोजावे? प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासेल. परंतु वैनगंगेच्या खोऱ्यात ज्यांचे घर धानावर चालते, त्यांच्या दृष्टीने तो क्षुल्लक नाही, असे आमचे मत आहे. या अंकाच्या निमित्ताने ते आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा त्या नांगराची शेतकऱ्याकडे एकच मागणी होती: फाळ झिजला की बदलावा. झीज डोळ्यांस दिसत असे. पुढे 1959 साली फरीदाबाद येथे आयशर कंपनीने देशात बनविलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर काढला आणि हळूहळू बैलांचे काम यंत्राकडे आले. या यंत्राची झीज मात्र पोलादाच्या पोटात होते. ती डोळ्यांस दिसत नाही, म्हणून तिचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब मैलांचा असू शकत नाही. मोटार रस्त्यावर धावते; तिचे श्रम किलोमीटरांत कळतात. ट्रॅक्टर मात्र थ्रेशरला जोडला की दिवसभर एका जागी उभा राहून राबतो. चिखलणीच्या वेळी तो गुडघाभर चिखलाच्या बांधीत फिरत राहतो. अंतर थोडे, श्रम मात्र अपार. यास्तव त्याचे आयुष्य इंजिन किती तास चालले यावरच ठरते. उत्पादकांच्या पुस्तिकेतही देखभालीची कामे तासांनीच दिलेली असतात. वंगण व हवेच्या फिल्टरची तपासणी रोज, म्हणजे सुमारे 10 तासांनी. इंजिनचे ऑइल जुन्या ट्रॅक्टरांत बहुधा 250 तासांनी. इतर कामे 500 व 1000 तासांनी.

आमच्या परिचयाच्या, वारासिवनीकडील एका घरची हकीकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. घरचा ट्रॅक्टर जुना. त्याच्या आवर मीटरची केबल कधी तुटली, हे कोणास आठवत नव्हते. आकडा 4216 वर थांबला होता. घरची रीत अशी की, दसऱ्यास यंत्राची पूजा करावी आणि त्याच दिवशी ऑइल बदलावे. रीत भक्तिभावाची खरी, आणि काम थोडे होते तोवर ती निभावली. परंतु एका वर्षी शेजारच्या गावांतून भाड्याची कामे भरपूर मिळाली. मळणी झाली, वाहतूक झाली, उन्हाळी नांगरणी झाली. दसरा अद्याप दूर होता, आणि ऑइल मात्र केव्हाच काळेकुट्ट होऊन आपला धर्म सोडून बसले होते. ऐन रोवणीत, भर पावसात, इंजिन जागीच अडकले. मिस्त्रीने ते उघडले तेव्हा बेअरिंगे झिजून गेलेली. दुसरा ट्रॅक्टर मिळेपर्यंत पऱ्हे वाफ्यातच वाढत राहिले. आणि वाजवीपेक्षा जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात, हे धानकऱ्यास कोणी सांगावयास नको. दुरुस्तीचा खर्च झाला तो वेगळाच. त्या घरच्या शाळकरी मुलीने तेव्हा विचारले, “बाबा, हा आकडा कधीच का हलत नाही?” हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी विचारला गेला असता तर?

मीटर चालू असला तरी त्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येत नाही. जुन्या ट्रॅक्टरांतील मीटर बहुधा यांत्रिक असतो. इंजिनकडून आलेली केबल त्यास फिरविते. तो खरे पाहता तास मोजीत नाही, इंजिनचे फेरे मोजतो. समजा, मिनिटाला 1500 फेरे झाले असता घड्याळाचा एक तास तो एक तास म्हणून दाखवितो. मग इंजिन 1000 फेऱ्यांवर सहा तास चालले, तर मीटरवर चारच तास उमटतील. उलट, विजेवर चालणारा मीटर घड्याळाप्रमाणे पुढे सरकतो. कित्येक ठिकाणी इंजिन बंद असून नुसती चावी फिरविलेली असली तरी तो चालतच राहतो. दोन्ही आपापल्या परीने खरे. त्यांची भाषा निराळी, एवढेच.

ही भाषा न कळल्यामुळे शेजाऱ्याशेजाऱ्यांत कलह माजतात. चिखलणीचे भाडे तासांवर ठरते. मालक मीटर दाखवितो, भाडेकरी मनगटावरील घड्याळ दाखवितो, आणि बांधावरचे बोलणे कडू होते. तास कोणत्या मापाने धरावयाचे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवावे. म्हणजे पैसाही वाचतो व शेजारधर्मही. जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यानेही केवळ मीटरच्या आकड्यावर भुलू नये. आकडा थोडा आणि क्लचचे पायडल मात्र झिजून गुळगुळीत, असे दिसले तर पायडलाचेच ऐकावे.

कोणी म्हणतील, “आमचे जुने मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनचे दुखणे ओळखतात, वहीची काय गरज?” त्या कानांना आमचा नमस्कार असो. परंतु आवाज बिघडतो तो दुखणे जडल्यावर. वही दुखणे येण्यापूर्वीच सावध करते. कान मिस्त्रीबरोबर जातो, वही घरात राहते.

मीटर बंद असेल तरी उपाय आहे. टाकी काठोकाठ भरावी, घड्याळ लावून काम करावे, पुन्हा टाकी भरावी. एका तासास किती डिझेल लागले ते कळेल. समजा 4 लिटर लागले, तर 1000 लिटर डिझेल म्हणजे 250 तास. चिखलणीस खप अधिक व वाहतुकीस कमी, म्हणून प्रत्येक कामाचे माप निराळे काढावे. हे त्रैराशिक आपल्या शाळेत शिकविले जाते. ते परीक्षेच्या कागदापुरतेच का ठेवावे?

विद्यार्थी मित्रहो, आम्हास सांगावयाचे आहे ते इतकेच. दोरी बांधलेली एक वही आणि एक पेन्सिल ट्रॅक्टरच्या खोलीत खुंटीस अडकवा. तारीख, काम, तास, डिझेल, आणि ऑइल कधी बदलले, असे पाच रकाने पाडा. रोज सायंकाळी दोन मिनिटे पुरतील. बालाघाटच्या चिन्नोर तांदळास 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. त्या सुगंधी दाण्यामागे वेळेवर झालेली रोवणी असते, आणि आता वेळेवरच्या रोवणीमागे बव्हंशी वेळेवर चालणारे इंजिन असते. दसऱ्यास यंत्राला फूल अवश्य वाहावे. मात्र त्या फुलाशेजारी वर्षभर प्रामाणिकपणे लिहिलेली वही ठेवता आली, तर ती पूजा पूर्ण झाली असे आम्ही समजू.